पोस्टफिक्सवर ज्याची त्याची मेल-मर्यादा : आठ महिने वापरल्यावर

मे अखेरीस वळवाच्या पावसात रात्रभर लाईट नव्हती. सकाळी पोस्टफिक्सचा (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आमचा सर्व्हर उठला, पण आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसातून एकही मेल बाहेर जाईना. सगळ्यांना एकच उत्तर, '४५१ ४.३.५ सर्व्हर कॉन्फिगरेशन प्रॉब्लेम'. आंब्याचे शेवटचे माल निघायचे होते आणि कागदपत्रं अडकलेली! दोन तासांनी कळलं, मेलच्या आकाराची मर्यादा तपासणारी माझी पायथन स्क्रिप्टच बूटनंतर सुरू झाली नव्हती.

पोस्टफिक्सची मेसेज_साईझ_लिमिट (एका मेलचा कमाल आकार) सगळ्यांना एकच लागते, मुळात १,०२,४०,००० बाईट. माणसागणिक वेगळी हवी तर पॉलिसी सर्व्हिस (पोस्टफिक्स दर मेलला ज्याला विचारतो असा छोटा प्रोग्राम; माझी स्क्रिप्ट तीच) लिहावी लागते. पॅकहाऊसवाल्यांना फोटोंसाठी २५ एमबी हवे आणि गुहागर डेपोची इंटरनेट लाईन मरतुकडी, तिथे ५ पुरे. चौदा मेलबॉक्सचं महिन्याचं भाडं भरणं मला पटत नव्हतं, म्हणून जुन्या डेस्कटॉपवर हे उभं केलं. मुख्य मर्यादा ३५ एमबी ठेवली, त्याखाली ज्याची त्याची.

पहिले दोन महिने हे सगळं फुकट गेलं असंच वाटायचं. तपासणी मी एंड-ऑफ-डेटाला, मेल पूर्ण चढून झाल्यावरच्या टप्प्याला, लावली होती. म्हणजे गुहागरहून २० एमबीचा व्हिडिओ अख्खा चढणार, लाईन अर्धा तास तुंबणार आणि मग नकार येणार. माणूस पुन्हा पाठवणार, पुन्हा अर्धा तास. ज्या लाईनसाठी मर्यादा घातली तीच गुदमरत होती. याचा मला अजून राग येतो.

मग तीच तपासणी आरसीपीटीच्या टप्प्यावरही (मजकूर चढण्याआधी प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतात तेव्हा) लावली आणि माझं मत फिरलं. थंडरबर्ड हा आमचा मेल प्रोग्राम मेल चढवण्याआधीच त्याचा आकार सांगतो, त्यामुळे नकार क्षणात येतो. फक्त सेटिंगमधली तपासणीची ओळ परमिट_सॅसल_ऑथेंटिकेटेडच्या (लॉगिन केलेल्यांना थेट परवानगी देणारी ओळ) वर हवी; खाली ठेवली तर लॉगिन केलेल्यांपर्यंत ती पोचतच नाही. माझे दोन दिवस त्यात गेले. जो प्रोग्राम आकार सांगत नाही त्याच्यासाठी शेवटची तपासणी राहू द्यावीच. येणाऱ्या मेलवर मर्यादा घालायची तर तीही आरसीपीटीलाच घाला, कारण एका मेलचे अनेक प्राप्तकर्ते असले की शेवटच्या टप्प्यावर प्राप्तकर्त्याची जागा रिकामी येते.

आकडा लिहिताना बेस६४ (मेलमध्ये फाईल अक्षरांत बदलून पाठवायची पद्धत) धरा. जोडलेली फाईल तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणून ५ एमबीच्या फाईलसाठी मी ७ लिहितो. नकाराचा मजकूर मराठीत, पण रोमन अक्षरांत घातलाय. 'फाईल मोठी आहे, लहान करून पाठवा' हे वाचल्यापासून डेपोतून फोन येत नाहीत.

लाईटच्या त्या प्रकारानंतर स्क्रिप्ट सिस्टमडीत (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) बूटसोबत चालू केली आणि एसएमटीपीडी_पॉलिसी_सर्व्हिस_डिफॉल्ट_ॲक्शन (स्क्रिप्टकडून उत्तर नाही आलं तर काय करायचं ते) डन्नो, म्हणजे 'माझं काही म्हणणं नाही, पुढे चला', केलं. ही सोय पोस्टफिक्स ३.० पासून आहे. आता स्क्रिप्ट मेली तरी मेल जातात, फक्त आकार तपासला जात नाही. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

परवा डेपोच्या काकांनी काजूच्या पावत्यांसाठी मर्यादा वाढवून मागितली. स्क्रिप्टच्या मर्यादांच्या यादीतला एक आकडा बदलला. स्क्रिप्ट दर मेलला यादी वाचते, त्यामुळे काहीही रीस्टार्ट करावं लागलं नाही.