जीआय कंड्युट: पत्र्यावरचं जस्त की बुडवून चढवलेलं?

दुकानात जीआय कंड्युट, म्हणजे वायरिंगसाठीचा जस्त चढवलेला लोखंडी पाइप, मागितला की पहिला प्रश्न गेजचा, म्हणजे जाडीचा येतो: सोळा की चौदा? गेजवरून पाइप किती मार सोसेल ते कळतं, गंजाचं काही कळत नाही. आयएस ९५३७ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात गंजरोधाची प्रतवारी वेगळी आहे. पाण्याच्या पाइपांचे ए, बी, सी हे वर्ग तर इथे लागूच होत नाहीत.

खरी निवड दोघांत. एकात जस्त आधीच चढवलेला पत्रा गुंडाळून, लांबीभर वेल्ड मारून पाइप करतात. दुसऱ्यात तयार पाइप वितळलेल्या जस्तात बुडवतात, म्हणजे हॉट-डिप.

पत्र्याच्या पाइपाची बाजू आधी सांगतो. आतून गुळगुळीत, वायर सरसर जाते. बेंडही सुबक निघतो, किंमत कमी. हॉट-डिपच्या तोंडाशी जस्ताचे थेंब गोठलेले असतात. कानशीने साफ न करता वायर ओढली तर इन्सुलेशन सोलतं. घराच्या आत, कोरड्या भिंतीवर मी आजही पत्र्याचाच लावेन.

पण आमचं घर रत्नागिरीत. विहिरीच्या पंपाकडे जाणारी लाइन गडग्यावरून उघडी जाते आणि तिथे मला पत्र्याच्या पाइपाच्या शिवणीने, म्हणजे वेल्डच्या रेघेने छळलं. वेल्डच्या उष्णतेने तिथलं जस्त जळतं. कारखान्यात बाहेरून पुन्हा जस्ताचा फवारा मारतात, पण तो थर मूळ जस्ताइतका टिकत नसावा. पाऊस सरला की नेमकी तेवढीच रेघ तांबडी, बाकी पाइप चकचकीत. घासून जस्ताचा रंग मारावा, तर अर्ध्या ठिकाणी शिवण भिंतीकडे वळलेली. ब्रश पोचत नाही, म्हणून सॅडल (पाइप धरणारी पट्टी) सोडवायची, पाइप फिरवायचा. आणि खालच्या चुन्यावर गंजाचे ओघळ येतात ते वेगळेच.

लाइनचा पुढचा टप्पा हॉट-डिपमध्ये केला. गडगा तोच, खारा वारा तोच. त्या पाइपावर अजून अशी रेघ नाही. गंज दिसतो तो साइटवर पाडलेल्या आट्यांपाशी. तिथे दोन्ही पाइप सारखेच उघडे पडतात, म्हणून आटे पाडल्या पाडल्या जस्ताचा रंग हवाच. घाटावर कोरड्या हवेत कदाचित एवढा फरक पडणार नाही. किनाऱ्यालगत उघड्यावर मात्र जास्तीचे पैसे मला रास्त वाटतात.

घेताना मोबाइलचा टॉर्च पाइपात मारून बघा. आत शिवणीची रेघ वेगळ्या रंगाची दिसली, तर तो बहुधा पत्र्याचा.