वाळवा तालुक्यातील एका गुऱ्हाळाचा विनारसायन गूळ

दिवाळीनंतर वाळवा तालुक्यात गुऱ्हाळे सुरू होतात. त्यांपैकी कृष्णाकाठच्या एका गुऱ्हाळावर रसायन न वापरता केलेला गूळ थेट ग्राहकाला विकला जातो. एक किलोची ढेप, काकवी आणि गुळाची पावडर तेथे मिळते. यांपैकी ढेप निःसंशय उत्तम आहे.

तिचा रंग तपकिरी असून पिवळ्याधमक गुळाची सवय असलेल्या गिऱ्हाइकाला ती प्रथम डावी वाटते. पिवळेपणा बहुधा हायड्रोसने आणलेला असतो. हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाईट. ते उकळत्या रसाचा रंग उडवते, पण हा परिणाम टिकाऊ नसल्यामुळे साठवणीत तोच गूळ पुन्हा काळवंडतो. मात्र गडद रंग म्हणजे शुद्धता, हा समजही चुकीचा आहे, कारण मळी, म्हणजे उकळत्या रसावर येणारा मळ, नीट न काढलेला किंवा काहिलीत, म्हणजे रस आटवण्याच्या मोठ्या कढईत, करपलेला गूळही काळाच होतो. म्हणून रंगापेक्षा काहिलीपाशी काय चालते ते पाहावे, आणि या गुऱ्हाळावर ते कोणालाही पाहू देतात, ही मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटली.

ऊस तोडल्यापासून शक्यतो एका दिवसाच्या आत चरकात जातो, कारण शिळ्या उसातील साखरेचे विघटन होऊन गूळ नीट बसत नाही. गाळलेला रस काहिलीत तापू लागला की ठेचलेल्या रानभेंडीच्या खोडांचे बुळबुळीत पाणी त्यात सोडतात. त्या चिकट द्रवात रसातील गाळ अडकून मळी वर येते आणि ती झाऱ्याने पुन्हापुन्हा काढली जाते. आंबटपणा कमी करण्यासाठी बेताची चुन्याची निवळी घालतात, चुलवाणात वाळलेली चिपाडे जळत असतात आणि रस उतू जाऊ लागला की थोडे तेल शिंपडतात. साधारण 118 अंश सेल्सिअसला पाक तयार होतो, पण गुळव्या तापमापकावर विसंबत नाही. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी कशी वळते यावरून तो काहील उतरवण्याचा क्षण ठरवतो, आणि येथील गुळव्याचा हात अतिशय नेमका आहे. त्यानंतर पाक वाफ्यात, म्हणजे तो निववण्याच्या उथळ जागेत, ओतून घोटला जातो व साच्यांत भरला जातो.

चवीचे दुसरे कारण जमीन आहे. अतिपाण्यामुळे कृष्णाकाठची बरीच जमीन क्षारपड झाली असून तेथील उसाचा गूळ खारट लागतो व लवकर पाझरतो. हे गुऱ्हाळ निचऱ्याच्या जमिनीतला ऊस निवडून घेते, आणि जिभेवर खारटपणाचा मागमूस न राहण्याचे श्रेय मी त्या निवडीला देतो. पुरणाला या गुळाने जी खमंग चव येते, ती पिवळ्या गुळाने येत नाही. बाजारभावापेक्षा बरेच जास्त पैसे मोजावे लागतात, पण ते मला वाजवी वाटतात.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम आक्षेप आहे. विक्रीच्या जागी लावलेल्या फलकावर हा गूळ मधुमेहींना चालतो असे लिहिले आहे, आणि तो मजकूर ताबडतोब काढला पाहिजे. गुळात सर्वाधिक भाग सुक्रोजचाच असतो, त्याने रक्तातील साखर वाढते, आणि 100 ग्रॅममधून जवळजवळ साखरेइतकीच, म्हणजे सुमारे 380 कॅलरी ऊर्जा मिळते. लोह, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही खनिजे गुळात राहतात, पांढऱ्या साखरेत ती जवळपास नसतात, हे खरे आहे. परंतु दिवसाला खाल्ल्या जाणाऱ्या एकदोन खड्यांतून त्यांचा वाटा लहानच असतो. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीने केवळ गुळावर विसंबून औषधोपचार टाळणे धोक्याचे ठरेल. साखरेच्या जागी, आणि साखरेइतक्याच संयमाने, हा गूळ जरूर खावा. त्याचप्रमाणे विनारसायन म्हणजे सेंद्रिय नव्हे. येथे रसायन टाळले जाते ते गूळ करताना. उसाला रासायनिक खत घातलेले असू शकते, आणि विचारल्यावर मालकांनी हे मोकळेपणाने मान्य केले.

काकवी दाट व सुवासिक आहे, गरम भाकरीबरोबर ती अप्रतिम लागते. बाटलीवर उत्पादनाची तारीख मात्र हवी होती. पावडरीत ओलसर गुठळ्या निघाल्या, त्यामुळे तिला जादा दर देण्यात अर्थ नाही. ढेपच घ्यावी, घरी फोडून कोरड्या घट्ट बरणीत ठेवावी आणि वर्षभराची बेगमी करायची असल्यास पावसाळ्याआधी बरणीचे झाकण हवाबंद आहे ना, हे तपासून घ्यावे.