लोतेरिया: तिसरीच्या वर्गातील आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यातील एका शाळेत तिसरीच्या मुलांना स्पॅनिश शिकवताना मी जूनपासून आठवड्यातून एकदा लोतेरिया हा मेक्सिकन खेळ वापरत आले आहे. हा खेळ हाऊझीसारखाच आहे, फक्त आकड्यांच्या जागी चित्रे असतात: ५४ पत्ते, प्रत्येक तक्त्यावर १६ चित्रे, आणि पुकारलेले चित्र झाकायला मेक्सिकोत घेवड्याच्या बिया, तर आमच्या वर्गात चिंचोके. आज सर्रास दिसणारी चित्रे उद्योजक क्लेमेंते जाक यांनी १८८७ साली मेक्सिकोत छापलेल्या संचावरून आलेली आहेत.

शिक्षिका म्हणून मला हा खेळ मोलाचा वाटतो तो एका कारणासाठी. चित्राखाली नुसते नाम नसते, तर ‘एल’ (पुल्लिंगी) किंवा ‘ला’ (स्त्रीलिंगी) या उपपदासह छापलेले नाम असते, त्यामुळे मुले ‘लूना’ असे शिकतच नाहीत, ‘ला लूना’ असेच शिकतात आणि लिंग वेगळे पाठ करावे लागत नाही. वस्तूंनाही लिंग असते हे मराठी मुलांना समजावण्याची गरज पडत नाही. अडचण होते ती आपले लिंग तिकडे नेल्यामुळे. तो चंद्र तिथे ‘ला लूना’ होतो, तो बेडूक ‘ला राना’ आणि ते झाड ‘एल आर्बोल’. स्पॅनिश नामांत नपुंसकलिंग नाही असे सांगितल्यावर एकाने ‘मग मूल कशात घालायचे?’ असे विचारले, आणि तो तास त्यावरच संपला. शब्दाच्या शेवटी ‘ओ’ असेल तर पुल्लिंग हा नियम मुलांनी आपला आपण शोधला होता. ‘ला मानो’, म्हणजे हात, या पत्त्याने तो मोडला. ‘एल आर्पा’ (हार्प हे तंतुवाद्य) खरे तर स्त्रीलिंगी असून आरंभीच्या आघातयुक्त ‘आ’मुळे एकवचनात ‘एल’ घेते, हे मात्र मी तिसरीत सांगितले नाही.

उच्चारांना आपली भाषा उपयोगी पडते. इंग्रजीच्या सवयीने मुले आधी ‘बोटेया’ म्हणत. ‘ताटातला त’ म्हणा, एवढे सांगताच ‘ला बोतेया’ (बाटली) नीट येऊ लागले.

आता उणिवा. सैतान, मृत्यू आणि दारुडा हे पत्ते, तसेच ‘एल नेग्रीतो’ (काळा माणूस) व ‘एल आपाचे’ (आपाचे या मूळ अमेरिकन जमातीचा माणूस) ही माणसांची ठोकळेबाज चित्रे मी काढून टाकली. पण तक्त्यांवर ती चित्रे तशीच राहतात हे लक्षात न आल्यामुळे पहिल्याच दिवशी एक गट कधीही न येणाऱ्या मृत्यूची वाट पाहत बसला. आता त्या घरांवर सुरुवातीलाच चिंचोका ठेवतो.

याहून मोठी उणीव अशी की संचात सगळी नामेच आहेत, क्रियापद एकही नाही. दिवाळीपर्यंत मुलांना चाळीसेक शब्द येत होते, पण वाक्य एकही बोलता येत नव्हते, आणि हा दोष खेळाइतकाच माझाही होता. तेव्हापासून ‘तेंगो ला लूना’ (माझ्याकडे चंद्र आहे) असे म्हटल्याशिवाय चिंचोका ठेवता येत नाही, आणि ‘क्येन त्येने एल सोल?’ (सूर्य कोणाकडे आहे?) हा प्रश्न मुले पाळीपाळीने विचारतात. खेळ संथ होतो, पण बोलणे होते.

माझ्या संचात दहाच तक्ते असल्यामुळे तिघांत एक द्यावा लागतो, आणि पातळ पुठ्ठ्याचे कोपरे गणपतीच्या सुट्टीआधीच दुमडले होते. घेणाऱ्यांनी तक्ते आधी लॅमिनेट करून घ्यावेत.