लाकूडकामाचे व्हिडिओ: शिकवणारे कोणते, विकणारे कोणते

लाकूडकामाचा व्हिडिओ कामाचा आहे की नुसता दिखाऊ, हे ओळखायची पहिली तपासणी सोपी आहे. वखारीतून आणलेली ओबडधोबड फळी सरळ, सपाट आणि काटकोनात कशी आणली, हे दाखवले आहे का ते बघायचे. बहुतेक व्हिडिओंत हा भाग संगीतावर दहा सेकंदांत पळवलेला असतो आणि लगेच प्रायोजकाच्या नव्या ड्रिलचे कौतुक सुरू होते. घरी करणाऱ्याचे काम नेमके त्या पळवलेल्या दहा सेकंदांत बिघडते.

फळी तयार करण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी एक बाजू सपाट, मग तिच्या आधाराने एक कड काटकोनात, मग दुसरी बाजू पहिलीला समांतर, मग दुसरी कड, शेवटी लांबीचा काप. अमेरिकी व्हिडिओंत पहिली दोन कामे जॉइंटर करतो, तिसरे थिकनेसर. जॉइंटर नसलेला माणूस फळी थेट थिकनेसरमध्ये सारतो, किंवा आपल्याकडे वखारीतच मशीनवर रंधा मारून आणतो, आणि पीळ तसाच राहतो. थिकनेसरचे रोलर पिळलेली फळी दाबून सरळ करतात, पाते तिला त्या दाबलेल्या अवस्थेत तासते आणि बाहेर पडताच फळी पुन्हा मूळ पिळावर जाते. जाडी सगळीकडे सारखी मिळते, सपाटी मिळत नाही. यावर उपाय साधा आहे. प्लायच्या सपाट पट्टीवर फळी ठेवायची, जिथे ती अधांतरी आहे तिथे पातळ पाचरी सारून त्या ग्लूगनने चिकटवायच्या, वरची बाजू मशीनवर सपाट करायची आणि मग फळी उलटून दुसरी मारायची. हाताने करायचे तर फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एकीच्या माथ्यावरून दुसरीकडे बघायचे. वर उचललेले कोपरे आधी तिरका रंधा मारून उतरवायचे, मग लांबीत. हे न घाई करता दाखवणारा व्हिडिओ सापडला, तर त्या माणसाचे पुढचे दहा व्हिडिओ डोळे मिटून बघावेत.

दुसरी तपासणी लाकडाच्या हालचालीची. लाकूड रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही. सागवान या बाबतीत शांत लाकूड मानले जाते. तरीही साध्या कापाच्या सागाची रुंदी ओलाव्याच्या दर एक टक्क्यामागे सुमारे ०.१९ टक्के बदलते. ६०० मिमी रुंद टॉपला हा बदल एक मिलिमीटरहून थोडा जास्त. हवेत ८५ टक्के आर्द्रता असली की लाकडातला ओलावा १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतो, २५-३० टक्के आर्द्रतेला तो ५-६ वर उतरतो. कोकणात वर्षभरातला फरक पाच-सहा टक्के धरला, तर टॉप सहा मिलिमीटर हलणार. नागपुरात श्रावण आणि मे यांतला फरक दहाच्या आसपास जातो, म्हणजे हालचाल अकरा मिलिमीटर.

आता ‘एका दिवसात डायनिंग टेबल’ छापाचे व्हिडिओ बघा. फळ्या पॉकेट होलच्या, म्हणजे तिरक्या भोकातून मारलेल्या, स्क्रूंनी जोडतात, दोन्ही टोकांना आडवी पट्टी तशाच स्क्रूंनी घट्ट बसवतात आणि टॉप पायांच्या चौकटीला सरळ आवळून टाकतात. टॉप हलायला बघतो, आडवी पट्टी हलू देत नाही, आणि फळी रेषांच्या बाजूने तडकते. तडा सहा-आठ महिन्यांनी पडतो, व्हिडिओ मात्र पॉलिश सुकल्याच्या दिवशी संपलेला असतो. बरोबर रीत अशी: टोकाची पट्टी कुसवावर (पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या, फळीच्या टोकाला काढलेल्या जिभेवर) बसवायची, सरस फक्त मधल्या ५० मिमीला लावायचा, कडेच्या खुंट्यांची भोके कुसवात लांबट ठेवायची. टॉप चौकटीला लाकडी बटणांनी धरायचा. बटणाची जीभ चौकटीच्या खाचेत सरकती राहते, त्यामुळे टॉपला जागा मिळते. पॉकेट होलची पद्धत वाईट नाही. कपाटाच्या पुढच्या चौकटीला ती उत्तम आहे. १९ मिमी लाकडाला ३२ मिमीचा स्क्रू, मऊ लाकडात जाड आट्यांचा, कठीण लाकडात बारीक आट्यांचा, एवढे पाळले की सांधा पक्का बसतो. पण जिगच्या (अशी भोके पाडायच्या साच्याच्या) पैशांवर चालणारा व्हिडिओ तिची मर्यादा सहसा सांगत नाही.

सरसाचेही असेच. फळ्या चिकटवायच्या आधी कोरडी जुळणी, दर २०० ते २५० मिमीवर शिकंजा, एक वरून तर पुढचा खालून, सांध्यावर सरसाचे बारीक मणी दिसेपर्यंतच दाब. पांढरा सरस लावल्यावर फळ्या जुळवायला साधारण पाच मिनिटे मिळतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. शिकंजे तासाभरात सोडता येतात, पण रंधा किंवा पॉलिशपेपर चोवीस तासांनीच. सरसातल्या पाण्याने सांध्याची कड फुगलेली असते. ती फुगलेलीच घासून सपाट केली, तर पाणी उडाल्यावर तिथे खोलगट रेघ उमटते आणि पॉलिशखाली कायम दिसते. हे कारण सांगणारे व्हिडिओ मोजकेच आहेत.

पैशाचे गणित समजून घेतले की व्हिडिओ असे का असतात ते कळते. यूट्यूबवर मध्येच जाहिरात टाकायला व्हिडिओ आधी दहा मिनिटांचा लागायचा, जुलै २०२० पासून आठ मिनिटांचा लागतो. म्हणून चार मिनिटांचे ‘पटाशीला धार’ आठ मिनिटांवर ताणले जाते, आणि तीन तासांचे कपाटही त्याच मापात कोंबले जाते. पहिल्यात पाल्हाळ वाढतो, दुसऱ्यात पायऱ्या गळतात. त्याखेरीज हत्यारांच्या दुकानांच्या लिंक, प्रायोजक, नकाशांची (मापांसह आराखड्यांची) विक्री आणि अभ्यासक्रम. यांतला प्रत्येक मार्ग चोख असू शकतो. नकाशे आणि अभ्यासक्रम विकणारा सहसा सर्वांत चांगला शिकवतो, कारण प्रेक्षकाचे काम फसले तर पुढचा नकाशा खपणार नाही. हत्यार विकणाऱ्याला तुमचे टेबल उभे राहिले काय, न राहिले काय, फरक पडत नाही. भारतात जानेवारी २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूसुद्धा प्रेक्षकांना स्पष्ट सांगायला हवी, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड आहे. हिंदी-मराठी सुतारकामाच्या व्हिडिओंत हार्डवेअरच्या ब्रँडचे नाव दहा वेळा येऊनही असा खुलासा नसेल, तर सावध व्हावे.

पॉल सेलर्स हा ब्रिटिश कारागीर हाताच्या हत्यारांसाठी पहिली निवड. पटाशीची धार तो २५०, ६०० आणि १२०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पाट्यांवर आणि शेवटी चामड्यावर लावतो, तेही कोन मोजायचे यंत्र न घेता. सुपरमार्केटातल्या स्वस्त पटाश्यांनी उत्तम काम होते, हे त्याने करून दाखवले. एका ठोकळ्यात पटाशी ठोकून खाच सपाट करायचे हत्यार बनवायचा त्याचा धडा तर सुरुवातीलाच बघावा. पूर्ण प्रकल्पांसाठी त्याचे सदस्यत्व आहे, पण पाया फुकटात मिळतो. गती संथ आहे, आणि शिकायला तीच हवी.

रेक्स क्रूगरची ‘वुडवर्क फॉर ह्यूमन्स’ मालिका कमी पैशांत हत्यारे जमवणाऱ्यांसाठी आहे. नकाशे विकतो आणि उघडपणे सांगतो. कॅनडाचा मथायस वँडेल अभियंता आहे. सांधे आणि सरस वजन लावून मोडून बघण्याची त्याची सवय या क्षेत्राला फार उपकारक ठरली. आकडे दाखवतो, मग मत सांगतो. लंडनचा पीटर मिलर्ड मात्र आपल्या वाचकांनी खास बघावा. एमडीएफची कपाटे, ट्रॅक सॉ (पट्टीवरून सरकणारी करवत), बिजागऱ्या, म्हणजे आपल्याकडे घराघरांत चालते तेच काम. जपानच्या इशितानी फर्निचरचे बिनशब्दांचे व्हिडिओ सुंदर आहेत, पण ते शिकवणी म्हणून नव्हे, काम कसे असावे ते बघण्यासाठी.

यूट्यूबवरच्या पॅट्रिक सलिव्हनने २०२१ मध्ये फळीच्या आडव्या कापलेल्या टोकाला सरस धरत नाही या समजाची चाचणी घेतली. टोकाला टोक चिकटवलेला सांधा बाजूला बाजू चिकटवलेल्यापेक्षा जास्त वजनाला तुटला. चाचणी नीट होती. बाजूच्या सांध्यात सरस तुटत नाही, शेजारचे लाकूडच रेषांमधून फाटते, हे त्याचे कारण. पण त्यावर बनलेल्या सवंग व्हिडिओंनी ‘आता सांध्याची गरजच नाही’ असा अर्थ काढला. अखंड फळी लांबीत वाकवून मोडायला जेवढा जोर लागतो, त्याच्या जवळपासही तो सांधा जात नाही. खुर्चीचा पाय अजूनही कुसवावरच उभा राहणार.

फेस्टूलच्या डोमिनोबद्दल थोडे. लंबगोल भोक पाडून त्यात तयार कुसू बसवणारे हे यंत्र खरोखर अचूक आहे. आपल्याकडे ते लाखाच्या वर जाते. व्हिडिओत ते इतके सहज येते की त्यावाचून सांधाच होत नाही असे नवख्याला वाटते. १८ मिमी जाडीला तिसरा हिस्सा, म्हणजे ६ मिमीची पटाशी, आणि दोन ओळी आखायला मार्किंग गेज, एवढ्यात तोच सांधा होतो. वेळ जास्त लागतो, बस. घाई असेल तर ८ मिमीचे डॉवेल (गोल लाकडी खुंट्या) आणि साधी जिग.

देशी व्हिडिओंत प्लायवुडचे ज्ञान खरे आहे, कारण करणारे रोज तेच करतात. तरी काही गोष्टी सर्रास सुटतात. १८ मिमीचा प्लाय पुष्कळदा १७ ते १७.५ भरतो. खाच पाडायच्या आधी व्हर्निअरने मोजला नाही, तर शेल्फ खडखडते. दाराला पुढून सनमायका आणि मागे काहीच नाही, असे केले की दार वाकते. मागेही लायनर (पातळ लॅमिनेट) हवाच. लपलेल्या बिजागरीच्या ३५ मिमी भोकाची खोली १३ मिमीच्या पुढे गेली, तर १८ मिमीत बाहेरून फुगवटा दिसायची भीती असते. ‘वॉटरप्रूफ’ या तोंडी शब्दावर जाऊ नये. सिंकखाली आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) चा शिक्का, इतरत्र आयएस ३०३ (साध्या प्लायचे) पुरतो.

सर्वांत जास्त चीड येते ती मार्बल कटर उलटा करून बनवलेल्या टेबल सॉच्या व्हिडिओंनी. चार इंची कटर प्लायखाली स्क्रूने टांगायचा, खटका कायम दाबून ठेवायचा, लाकडाचे पाते लावायचे. या कटरचा वेग मिनिटाला १२-१३ हजार फेऱ्यांच्या घरात असतो, आणि पुष्कळ पात्यांवर त्याहून कमी मर्यादा छापलेली असते. पात्यामागे कापलेले लाकूड मिटू न देणारा फाळ नसतो. त्यामुळे कापलेले लाकूड मागे मिटले की पाते त्याला पकडते आणि तुकडा थेट छातीवर येतो. हात त्या वेळी पात्याच्या दिशेने ओढला जातो. खटका कायम दाबलेला असल्याने बंद करायला प्लगपर्यंत जावे लागते. असा व्हिडिओ लाखो लोक बघतात. हेच काम हातातल्या सर्क्युलर सॉने, खाली थर्माकोलचा जाड तक्ता आणि बाजूला शिकंज्याने धरलेली सरळ पट्टी ठेवून सुरक्षित होते. पाते प्लायच्या खाली पाचच मिलिमीटर उतरेल असे ठेवायचे.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर लावून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ तर बघूही नयेत. तिथे दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि त्याने माणसे मेली आहेत. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ही पद्धत बंद केली आहे. २०२२ मध्ये यूट्यूबर अ‍ॅन रिअर्डनने या पद्धतीच्या धोक्यावर बनवलेला व्हिडिओ यूट्यूबने आधी काढला, नंतर परत आणला.

रेझिनची नदी असलेल्या टेबलांबद्दल एवढेच: दोन मीटर लांब, २५० मिमी रुंद, ४० मिमी खोल नदीला वीस लिटर रेझिन लागते. व्हिडिओत ते अनेकदा प्रायोजकाने दिलेले असते. टॉपवर ओतायचे पातळ थराचे रेझिन एकदम ४० मिमी ओतले तर तापून तडकते. जाड थरासाठीचे वेगळे मिळते. पॅलेटच्या लाकडाचे प्रकल्प करायचे असतील तर शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेले, एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. दुसरे घरात आणू नका.

पैसे खर्च करायचेच असतील तर वँडेल किंवा क्रूगरचा एखादा नकाशा घ्यावा, पण मापे तपासून. अमेरिकी ‘टू बाय फोर’ प्रत्यक्षात ३८ बाय ८९ मिमी असतो, आणि आपल्या वखारीत त्या मापाचे लाकूड बहुधा कापून घ्यावे लागते. प्लायचा आठ बाय चार फुटी तक्ता मात्र दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे प्लायच्या कटिंगचे नकाशे जवळजवळ जसेच्या तसे वापरता येतात. अमेरिकी व्हिडिओखालच्या लिंकवरून यंत्र मागवू नये. ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असते, आपल्या २३० व्होल्टवर लावले की मोटर जळते आणि वॉरंटीही इथे चालत नाही.