चवथीच्या सुट्टीसाठी : सुपर जेम फायटर की हायपर स्ट्रीट फायटर २?

फोंड्याच्या माझ्या भाच्याला प्रश्न पडला आहे, की चवथीला घरी जमणाऱ्या भावंडांसाठी या दोन मारामारीच्या व्हिडिओ गेमपैकी कोणता खेळ लावावा. खर्चाचा मुद्दा लगेच निकालात निघतो, कारण हे खेळ बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या २०२२ च्या फायटिंग कलेक्शन या संचात दोन्ही खेळ एकत्रच मिळतात.

खरा फरक हातांना पडणाऱ्या कष्टांत आहे. हायपरमध्ये मुक्क्यांची तीन आणि लाथांची तीन, अशी सहा बटणे सांभाळावी लागतात. झँगीफ या पैलवानाची गरगरती पकड साधायची तर दिशेची कळ पूर्ण गोल फिरवावी लागते, आणि नवख्याचा गडी तेवढ्यात उडी मारून बसतो. १९९७ च्या जेम फायटरमध्ये मुक्का, लाथ आणि विशेष वार एवढीच तीन बटणे आहेत. मोठ्या डोक्यांचे, बुटके र्‍यू आणि चुन-ली हे लढवय्ये मारता मारता क्षणभर वेश बदलतात, फटका बसताच लाल, पिवळी, निळी रत्ने जमिनीवर विखुरतात, आणि ती वेचणाऱ्याचे विशेष डाव बळावत जातात. त्यामुळे मार खाणारे मूलही रत्नांमागे धावत खेळात रमते. मला ही रचना फार मोलाची वाटते.

टिकाऊपणात मात्र हायपर सरस आहे. त्यातले अंतराचे आणि वेळेचे गणित वर्षानुवर्षे पुरते.

आठ-दहा वर्षांची मुले आणि कधीच न खेळलेली मावशी एकत्र बसणार असतील तर जेम फायटर लावावा. रोज सराव करू इच्छिणाऱ्या दोघा तुल्यबळ भावांनी हायपर निवडावा.