लिब्रियम: पहिल्या आठवड्याची गोळी, त्यापुढची नव्हे

१९६० साली बाजारात आलेली ही गोळी (औषधाचं नाव क्लोरडायझेपॉक्साइड) व्यसनमुक्तीच्या वॉर्डात आजही आधी आठवते. १० आणि २५ मिलिग्रॅममध्ये मिळते. तिचं नेमून दिलेलं काम, म्हणजे दारू सोडताना होणारा त्रास आवरणं, ती चोख करते. तक्रारी येतात त्या बहुतेक तिच्या नसलेल्या कामाबद्दल.

रोजची दारू मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरचं (पेशींना शांत करणाऱ्या ग्राहकांचं) शांतवणं वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचे एनएमडीए रिसेप्टर दाबून धरते. तोल सांभाळायला मेंदू पहिले बोथट करतो, दुसरे वाढवतो. दारू एकदम तुटली की दाबणारं जातं, उसळणारं तसंच उरतं. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. फिट येणार असेल तर बहुधा ६ ते ४८ तासांत. भास, बरळणं, दिवस-ठिकाणाचं भान जाणं ४८ ते ९६ तासांत.

लिब्रियम गाबा-एवरच काम करते, म्हणून फिटचा धोका घटतो. तिच्यापासून शरीरात बनणारे घटक कित्येक दिवस टिकतात, त्यामुळे उतार सौम्य होतो. पण यकृत खराब असेल तर हाच गुण अंगाशी येतो: औषध साठतं, रुग्ण गुंगीत जातो. तिथे लोराझेपाम ही दुसरी गोळी बरी. डोस डॉक्टर लक्षणं मोजून ठरवतात (‘सिवा’ या लक्षणं मोजायच्या तक्त्यात कमाल ६७ गुण), मग रोज साधारण पाचवा हिस्सा कमी करत ५ ते ७ दिवसांत बंद. वर दारू घेतली तर श्वास मंदावतो. हे घरच्यांना बजावून सांगावंच लागतं.

आता मूड. ‘गोळी चालू आहे, तरी तोंड पाडून बसलाय, सारखा चिडतो,’ असं घरचे म्हणतात. थरथर थांबली तरी डोपामिनचा (मेंदूतल्या उमेद देणाऱ्या रसायनाचा) मंदपणा आणि ताणाच्या यंत्रणेचा जोर लगेच ओसरत नाही. ही उदासी बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत आपोआप उतरते. तिच्यासाठी लिब्रियम लांबवणं म्हणजे दुसरी सवय लावणं. महिन्यानंतरही उदासी राहिली तर नैराश्याची वेगळी तपासणी हवी. जीव देण्याची भाषा आली तर मात्र त्याच दिवशी.

गोळीसोबत थायमिन (जीवनसत्त्व बी-१) हवंच, तेही ग्लुकोजची बाटली लावण्याआधी इंजेक्शनने. हा क्रम चुकला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. लिब्रियम शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. चिठ्ठीशिवाय देणारा केमिस्ट टाळा.