सीएनजी किट : ११ महिने आणि कोकणच्या ४ फेऱ्या

गेल्या वर्षी जूनमध्ये मी माझ्या २०१८ च्या पेट्रोल हॅचबॅकला बाहेरून सिक्वेन्शियल (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारे) सीएनजी किट बसवून घेतले. ६० लिटरच्या टाकीसह ५८ हजार रुपये खर्च आला आणि आरसी पुस्तकावर व विम्यावर त्याची रीतसर नोंदही करून घेतली. पुढे काही तक्रारी लिहिणार असल्यामुळे बसवणाऱ्याचे नाव देत नाही. गाडी रोज परळ ते अंधेरी आणि परत अशी धावते. त्याशिवाय या काळात आम्ही दोघे चार वेळा गावी जाऊन आलो. सासर श्रीवर्धन आणि माहेर गुहागर असल्यामुळे प्रत्येक फेरीत दोन्ही घरे करावीच लागतात. गाडी मीच चालवते. यजमान शेजारी बसून रस्ता सांगतात, तोही बहुधा वळण मागे पडल्यावर.

शहरातल्या वापराबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण तिथे किटने आपले काम चोख केले आहे. वाहतुकीच्या गर्दीत किलोला २२ किलोमीटर पडतात. पेट्रोलवर हीच गाडी लिटरला १५ देत असे. गॅस साधारण ८० रुपये किलो आणि पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे असताना ठेवलेल्या माझ्या हिशेबाप्रमाणे १२ हजार किलोमीटरमध्ये सुमारे ३८ हजार रुपये वाचले. पावसाळ्यात गाडी झटके देऊ लागली, तेव्हा स्पार्क प्लग बदलल्यावर ती सुधारली. गॅसला ठिणगी सशक्त लागते, म्हणून किट बसवतानाच प्लग बदलून घ्यायला हवे होते, हे बसवणाऱ्याने मला तिसऱ्या खेपेला सांगितले.

खरी परीक्षा कोकणच्या रस्त्यावर झाली. शिवडीहून अटल सेतूवर चढले की २१.८ किलोमीटरच्या त्या सपाट रस्त्यावर गाडी गॅसवर आहे हे जाणवतही नाही. मात्र एका बाजूचा २५० रुपये टोल भरताना श्रीवर्धनपर्यंतची निम्मी बचत तिथेच गेली, हेही लक्षात येते. पुढे माणगाव सोडून म्हसळ्याच्या बाजूची चढणीची वळणे लागली, की तिसऱ्या गिअरमध्ये निघणारी गाडी दुसरा मागते. एसी बंद करून किंवा बटण दाबून पेट्रोलवर घेऊन चढ पार करता येतो आणि त्याची सवयही होते.

गॅस मिळण्याची मात्र सवय होत नाही. टाकीत प्रत्यक्षात जेमतेम ९ किलो गॅस बसतो. पंपावर प्रेशर कमी असेल तर सातच किलोवर समाधान मानावे लागते. बटणावरचे चार हिरवे दिवेही प्रेशर पाहूनच लागत असल्यामुळे दुपारच्या उन्हात टाकी भरलेली दिसते आणि पहाटे गार हवेत त्यातला एक दिवा मावळलेला असतो. शेवटचा दिवा तर भरवशाचा नाहीच. तो एकटा उरला की पंप शोधावा. महामार्ग सोडून किनाऱ्याकडे वळल्यावर पंप विरळ होतात. जिथे पाइपलाइन नाही तिथे सिलिंडर भरलेला ट्रक येईपर्यंत थांबावे लागते, आणि एका पंपावर ‘गाडी आली की मिळेल’ या उत्तरावर आम्ही दीड तास काढला. म्हणून पेट्रोलची टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही. इंजिन सुरू पेट्रोलवरच होते आणि टाकी कोरडी राहिली तर आतला पेट्रोल पंप निकामी होण्याची भीती असते. श्रीवर्धन ते गुहागर हा टप्पा तर मी पेट्रोलचाच धरते. बागमांडल्याहून वेश्वीला आणि दाभोळहून धोपाव्याला गाडी फेरीबोटीत घालून दोन खाड्या ओलांडताना जो वळसा वाचतो, तीच त्या टप्प्यातली बचत.

माझी मोठी तक्रार डिकीबद्दल आहे. गावी जाताना गाडी जवळजवळ रिकामी असते आणि येताना मुंबईच्या घराचे चार महिन्यांचे सामान तिच्यात असते, हा विचार किट बसवताना आम्ही केला नव्हता. जानेवारीच्या फेरीत सासूबाईंनी घरच्या तांदळाचे पोते आणि पंचवीस नारळ काढून ठेवले. उघडलेल्या डिकीत आडवी टाकी पाहून त्या म्हणाल्या, “अगो, हिच्यात सामान तुमचं की त्या गॅसचं?” टाकीच्या पुढे पोते आडवे सरकवले, नारळ फटींत बसवले आणि आम्ही गुहागरला निघालो.

वेश्वीला बोटीतून उतरून केळशीच्या बाजूला आलो आणि मागचे चाक बसले. स्टेपनी टाकीच्या खाली होती. टाकी ज्या लोखंडी चौकटीवर बसवली आहे, तिचे पाय आणि स्टेपनी यांच्यामध्ये चार बोटेही जागा नव्हती. आधी नारळ रस्त्याच्या कडेला उतरवले. मग दोघांनी मिळून पोते काढले. त्यानंतर स्टेपनीचा बोल्ट सोडवून यजमानांनी ती तिरपी करून ओढली, तर ती चौकटीत अडकून बसली. शेवटी तिथल्या एका दुचाकीस्वाराने पान्याने चौकटीचा एक पाय सैल करून दिला, तेव्हा चाक बाहेर आले. एवढ्यात चार नारळ उतारावरून गडगडत गेले; त्यांतले तीन मिळाले. बसवणाऱ्याला फोन केला तेव्हा ‘सगळ्यांचे असेच असते’ असे उत्तर मिळाले. नंतर दुसऱ्या गॅरेजमध्ये चौकट दोन इंच उचलून घेतली, त्याचे ११०० रुपये वेगळे द्यावे लागले.

भरलेली गाडी गुहागरहून परत आणताना आता चिपळूणमार्गे महामार्गच धरतो. परशुराम घाटाची चढण पेट्रोलवर काढते. पुढे कशेडीच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यामुळे जुना घाट टळतो आणि ओझ्यासह तो चढण्याची पाळी येत नाही. त्या रस्त्याला गॅसही मिळतो.

शहरात रोज पस्तीस-चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याने किट जरूर बसवावे. गावाला वारंवार जाणाऱ्याने मात्र पैसे देण्याआधी टाकी बसवून दाखवायला सांगावे, आपल्या हाताने स्टेपनी बाहेर काढून पाहावी आणि टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने केलेली तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, तो खर्चही हिशेबात धरावा. ट्यूबलेस चाकांसाठी पंक्चरचे साहित्य आणि हवा भरायचा छोटा पंप आम्ही आता गाडीतच ठेवतो. तांदळाचे पोते मागच्या सीटवर पट्टा लावून येते आणि नारळ यजमानांच्या पायाशी असतात.